दोन मिलिमीटरची सावली

कागदावरच्या रेघेला सावली नसते. टी-स्क्वेअर आणि सेटस्क्वेअर लावून आखलेले चौकोन एकमेकांना खेटून बसलेले असतात, काही काळ्या शाईने भरलेले, काही कोरे. आणि त्यांतलं अंगण कुठलं, गच्ची कुठली, विहीर कुठली, हे कागद काही केल्या सांगत नाही. वास्तुकलेच्या पहिल्या वर्षात आम्ही मुलांना हीच सपाट रचना थरांत उभी करायला देतो. माउंट बोर्ड, स्टीलची पट्टी, कटर, फेव्हिकॉल. आणि रंग एकच, पांढरा. काळा चौकोन वर यायचा की खाली जायचा, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

ती ठरवण्याची वेळ मला फार प्रिय आहे. पट्टीवर दाबून धरलेली बोटं, त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा हलक्या हाताने फिरणारं पातं, बोर्डाची ती बारीक करकर, आणि मग तुकडा अलगद सुटून येतो, थरावर थर चढत जातो. तोवर खिडकीतून ऊन तिरपं उतरलेलं असतं, आणि जिथे नुसती रेघ होती तिथे दोन मिलिमीटरची कड आपली सावली शेजारच्या पांढऱ्यावर पसरू लागते, सकाळी लांब, भर दुपारी केसाएवढी.

पुठ्ठ्याला वेळ कळू लागते.

बेन निकल्सन या इंग्रज चित्रकाराने १९३०च्या दशकात लाकडात उथळ वर्तुळं आणि चौकोन कोरले आणि सगळं पांढरं रंगवलं. त्या उठावशिल्पांत रेघा ओढतो तो उजेडच.

चौकोनांनंतर येतो डोंगर. नकाशावरच्या वळणावळणाच्या कंटूर रेषा एकेक करून कापायच्या. प्रमाण १:५०० धरलं, तर बोर्डाचा एक थर म्हणजे जमिनीचा एक मीटर चढ. उतार सौम्य तिथे पायऱ्या रुंद, कडा उभा तिथे थर एकमेकांना बिलगलेले. हे कापताना मला सह्याद्रीच आठवतो, कारण तो खरोखर असाच रचला गेला: साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या लाव्ह्याचे थर, एकावर एक निवत गेलेले. पावसाळ्यात घाट चढताना त्याच्या अंगावरचे आडवे पट्टे ओले, काळे दिसतात. वेरूळच्या कारागिरांनी आठव्या शतकात त्याच खडकात वरून खाली उतरत कैलास मोकळा केला. त्यांनी काहीच चढवलं नाही. काढत गेले, आणि राहिलं ते देऊळ.

थरांच्या डोंगरात प्रत्येक थराची फक्त कड दिसते. बाकीचा सारा बोर्ड वरच्या थराखाली जातो, आणि वरचं सगळं त्याच्यावर उभं असतं.

"मॅडम, खालचे थर आतून पोकळ ठेवू का?" एकीने विचारलं. "बोर्ड वाचेल. दिसणार तर नाहीच." बोर्ड महाग असतो, हे मला ठाऊक आहे, आणि नुसता डोंगर दाखवायचा असता तर मी होच म्हटलं असतं. पण या उतारावर घर बसवायचं होतं.

"हा भरीव ठेव. उद्या इथूनच सेक्शन कापायचाय. घर जमिनीत किती शिरतं, ते त्या कापात कळेल."

तिने मॉडेल गोल फिरवलं, उताराच्या बाजूने डोळे थराच्या पातळीला आणले. "मग मागची खोली टेकडीत नेते. दोन थर आत." आणि पट्टी सरकवून तिने पेन्सिलीने खूण केली.