म्हैसूरची जावा आणि सहा व्होल्टची शोधाशोध

म्हैसूरला जाणारा पाहुणा राजवाडा पाहतो, चामुंडीच्या टेकडीवर जाऊन येतो, देवराज मार्केटातून चंदनाच्या वड्या घेतो आणि परततो. या शहराची आणखी एक ओळख कानांनी पटते. सयाजीराव रोडवर (हे नाव बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचेच, मराठी माणसाला पाटी वाचून उगीच बरे वाटते) रिक्षांच्या गर्दीत मधूनच एक पोकळ, डुगडुगता आवाज येतो. दोन सायलेन्सरांची, गोलसर टाकीची, मरून नाहीतर काळ्या रंगाची जुनी जावा समोरून निघून जाते. चालवणारा कधी सत्तरीचा पेन्शनर असतो, कधी त्याचा कॉलेजात जाणारा नातू.

ही गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून १९२९ साली ‘जावा’ हे नाव झाले. मुंबईच्या इराणी मंडळींनी तिला भारतात आणले आणि म्हैसूरच्या यादवगिरी भागात ‘आयडियल जावा’चा कारखाना उभा राहिला. १९६१ पासून तिथे गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे सत्तरच्या दशकात त्याच गाडीला ‘येझदी’ हे नाव मिळाले. १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या कंपनीने बाजारात परत आणले खरे, पण ती चार-स्ट्रोक गाडी अगदीच वेगळी. जुन्या जावाची कुठलीच वस्तू तिला बसत नाही आणि तिची जुनीला चालत नाही.

त्यामुळे घरात जुनी जावा असणाऱ्यांचे सगळे लक्ष सुट्या भागांकडे. पिस्टन, रिंगा, क्लचप्लेट या गोष्टी कुठे ना कुठे मिळतात, नाहीतर लेथवर करून घेता येतात. खरी अडचण होते ती बॅटरीची. ती लेथवर होत नाही, आणि कोणाच्या माळ्यावर पंधरा वर्षे पडून राहिलेली कामाचीही नसते.

त्याचे कारण साधे आहे. जुन्या जावाचा सारा वीजकारभार ६ व्होल्टचा. सगळ्या नव्या मोटरसायकली १२ व्होल्टच्या झाल्या, तशी ६ व्होल्टची मोठी बॅटरी दुकानातल्या मागच्या फळीवर गेली आणि मग फळीवरूनही उतरली. शिवाय जावात बॅटरी नुसती दिव्या-हॉर्नपुरती नाही. कॉइलला वीज तिथूनच मिळते, म्हणजे प्लगची ठिणगी तिच्यावरच. बॅटरी बसली की किक मारून मारून पाय दुखतो, गाडी काही सुरू होत नाही. आजोबांची गाडी अंगणात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे पडून राहते आणि एक दिवस भंगारवाला भाव करतो, यामागे कित्येकदा एवढेच कारण असते.

शोध घ्यायचा तर माप हाती हवे. ६ व्होल्ट, १२ ते १४ अँपिअर-अवर. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सीटखालच्या खणाची लांबी, रुंदी, उंची. दुकानदाराला नुसते ‘जावाची बॅटरी’ म्हटले तर नवा पोरगा नव्या जावाची १२ व्होल्टची पुढे करतो! जुनी बॅटरी पिशवीत घालून नेणे सर्वांत उत्तम. म्हैसूर-बंगळुरूकडच्या जुन्या बॅटरीवाल्यांकडे अजून मागणी नोंदवून माल येतो. मुंबई-पुण्याकडेही शोधले तर मिळते. न मिळाल्यास वजनकाट्यात, आपत्कालीन दिव्यात आणि मुलांच्या खेळण्यातल्या गाड्यांत वापरतात ती ६ व्होल्टची सीलबंद बॅटरी उपयोगी पडते. हौशी लोक काय करतात, तर जुन्या काळ्या बॅटरीचे खोके आतून रिकामे करतात, सोड्याच्या पाण्याने नीट धुतात आणि त्यात ही लहान सीलबंद बॅटरी लपवतात. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी १९६५ सालचीच वाटते. मात्र आत शिसे आणि आम्ल असते. हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करायचे नव्हे.

सीलबंद बॅटरीची एक खोड सांगायला हवी. जावाचा डायनामो ४५ वॅटचा, आणि त्याचा रेग्युलेटर जुन्या पद्धतीचा, पॉइंट उघडझाप करणारा. तो बिघडून जास्त वीज सोडू लागला, तर पाण्याच्या बॅटरीत निदान पाणी भरता येते. सीलबंद बॅटरी आतल्या आत सुकून फुगते. तेव्हा जुना रेग्युलेटर ठेवायचा असेल तर पाण्याचीच बॅटरी बरी.

कोरडी बॅटरी मिळाली की घाई आवरावी. तीन घर, प्रत्येक घर दोन व्होल्टचे. त्यांत आम्ल भरायचे ते बॅटरीबरोबर मिळते तेवढेच, किंवा दुकानदाराकडूनच भरून घ्यावे. घरी गंधकाम्ल पाण्यात मिसळण्याचे धाडस करूच नये; आणि करणाऱ्याने एवढे तरी ध्यानात धरावे की आम्ल पाण्यात ओततात, पाणी आम्लात कधीही नाही. भरून झाल्यावर अर्धा-एक तास बॅटरी तशीच ठेवतात. प्लेटा आम्ल पितात, पातळी खाली जाते, मग वरच्या खुणेपर्यंत पुन्हा भरतात. त्यानंतर सावकाश चार्जिंग. हिशेब एक दशांशाचा: १४ अँपिअर-अवरला फार तर १.४ अँपिअर, तेही काही तास. मोटारीचा १२ व्होल्टचा चार्जर जोडला तर तासाभरात बॅटरी उकळू लागते. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून खिडकी उघडी, जवळ काडी-उदबत्ती नको, पोरेबाळे लांब. चार्जिंग उतरवून काही तास ठेवल्यावर मीटरवर ६.३ ते ६.४ व्होल्ट दिसले की बॅटरी बसवायला हरकत नाही. पुढे पाणी कमी झाले तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. पुन्हा आम्ल घालायचे नाही.

बसवताना वायर उलटी लागण्याचा धोका मोठा. आज धन लाल, ऋण चेसीला, हे सर्वांना पाठ आहे. पण ब्रिटिश घडणीच्या कित्येक जुन्या गाड्यांत धन टोकच चेसीला जोडलेले असे, आणि मधल्या मालकांनी वायरिंगचे काय केले असेल याचा नेम नसतो. म्हणून जुनी बॅटरी काढण्याआधीच कोणती वायर कुठे जाते ते कागदावर काढून ठेवावे. टोकांना थोडे पेट्रोलियम जेली लावावे, आणि वाफेची बारीक नळी खाली, चेन आणि रंगापासून दूर सोडावी. ही नळी तुटकी ठेवणाऱ्याच्या चेसीचा रंग वर्षभरात पापुद्र्यासारखा सुटतो.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही. २००१ साली त्यासाठी नियम झाले आणि २०२२ मध्ये ते अधिक कडक झाले. दुकानदार ती परत घेतो आणि शिशाचे पैसेही वळते करतो.

मग किक. हाच दांडा आत दाबून पुढे वळवला की गिअरचा होतो, ही जावाची जुनी गंमत. गाडी सुरू झाल्यावर दिव्याजवळचा लाल ठिपका पाहायचा. थोडा ॲक्सिलरेटर दिला की तो विझला पाहिजे, आणि बॅटरीच्या टोकांवर मीटर सात व्होल्टच्या पुढे गेला पाहिजे. सहाच्या आसपासच घुटमळला, तर बॅटरीचा दोष नाही; डायनामोचे ब्रश साफ करायला घ्यावेत. म्हैसूरचे लोक ही परीक्षा चामुंडीच्या घाटात घेतात. सूर्यास्तानंतर उतरताना मात्र त्यांना सांभाळूनच यावे लागते, कारण जावाचा पिवळा दिवा गाडी हळू झाली की मंदावतो, आणि खाली, रविवार असला तर, राजवाडा जवळजवळ एक लाख दिव्यांनी उजळलेला असतो.