राजदूत 350 चं हरवलेलं वायसर

जुनी राजदूत 350 विकत घ्यायला निघालेला माणूस आधी टाकी बघतो, मग इंजिन नंबर, मग किक मारून आवाज ऐकतो. मी आधी बाजूची पॅनेलं काढतो आणि आत काय काय नाही ते बघतो. पांढुर्णा-सौंसर भागात जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचं काम करताना हे पक्कं कळलं आहे. टाकीचा पोचा निघतो, क्रँक नव्याने बसवता येतो, सिलिंडर बोअर होतो. गाडी अडते ती नखाएवढ्या भागापाशी.

यामाहाची मूळ आरडी 350 ही 1973 ची. एस्कॉर्ट्सने तीच गाडी यामाहाच्या सहकार्याने 1983 मध्ये राजदूत 350 या नावाने आपल्याकडे आणली. 347 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. आधीच्या ‘हाय टॉर्क’ प्रकाराची ताकद 30.5 बीएचपी, नंतरच्या ‘लो टॉर्क’ची 27. आमच्या भागात स्पोर्ट्स कार कोणी दारात उभी केली नाही, पण ही मोटरसायकल त्याच जातीची. पेट्रोल फार पिते म्हणून खप बेताचा राहिला आणि दशक संपता संपता ती बंद झाली. जी उरली ती मिस्त्र्यामिस्त्र्यांच्या हातांतून फिरली, आणि प्रत्येक हाताने काहीतरी ‘फालतू’ म्हणून काढून टाकलं.

सगळ्यात जास्त बळी गेला ऑइल पंपाचा. यामाहाने 1964 पासून ही ऑटोल्यूबची सोय आणली. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही, वेगळ्या टाकीतून पंप ते इंजिनला देतो. अ‍ॅक्सिलरेटरची वायर पुढे तीन फाट्यांत फुटते, दोन कार्ब्युरेटरला आणि तिसरी पंपाला. म्हणजे मूठ पिळली की ऑइलही वाढतं. मूठ सोडली तरी पंप इंजिनच्या फेऱ्यांवर चालतच राहतो.

आता सिल्लेवानी घाट डोळ्यांसमोर आणा. छिंदवाड्याकडून सौंसरला उतरताना मूठ बंद, गाडी गिअरमध्ये, इंजिन जोरात फिरतंय. पंप काढून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असेल तर पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबलं, आणि पिस्टन कोरडा पळतो. पंप असेल तर मूठ बंद असतानाही थोडंसं ऑइल जातंच. हे ‘थोडंसं’ ठरतं पंपाच्या किमान स्ट्रोकवर. तो साधारण पाव मिलिमीटरचा, आणि तो जुळवायचा कागदासारख्या पातळ शिमने. पंप उघडणाऱ्याने ती शिम परत बसवली नाही तर स्ट्रोक कमी होतो. बाहेरून पंप जसाच्या तसा दिसतो, किकला गाडी सुरू होते, गावात फिरतानाही काही कळत नाही. घाटात कळतं.

त्याच पंपावर हवा काढायचा एक छोटा स्क्रू असतो, आणि त्याच्याखाली फायबरचं वायसर. ते वायसर नसलं किंवा चेपलेलं जुनंच लावलं, की पंप हवा ओढतो. नळीत बुडबुडा दिसतो. तो पुढे सरकून जाईपर्यंत त्या बाजूच्या सिलिंडरला ऑइल नाही. डाव्या-उजव्या दोन पिस्टनपैकी एकच का घासला, असं विचारत लोक येतात. मी नळीकडे बोट दाखवतो.

दोन्ही इनटेकना जोडणाऱ्या रबरी नळीचीही तीच गत. ती फाटली आणि भोक नीट बुजवलं नाही, की तिथून फुकटची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. दोष मात्र कार्ब्युरेटरला दिला जातो. जेट बदलून बदलून गिऱ्हाईक थकतं.

साइड पॅनेलचे रबर तर कोणाला आठवतही नाहीत. रबर वाळून गळाला की पॅनेल पत्र्यावर खडखडतं आणि एक दिवस रस्त्यातच राहतं. असं पॅनेल शोधायला दिल्लीच्या करोल बागेपर्यंत माणसं पाठवावी लागतात. साडी गार्ड पोरं हौसेने काढून टाकतात. मला ते पटत नाही. मागच्या चाकावरचं आवरण ही कायद्याने सांगितलेली सुरक्षा आहे.

जगभर हीच कथा. जॅग्वार ई-टाइप या जुन्या स्पोर्ट्स कारच्या तारांच्या चाकांचे मधले नट ठोकायला गाडीसोबत हातोडी यायची. आज अख्खी गाडी चकचकीत उभी करूनही जाणकार विचारतात, हातोडी आहे का? ते मला योग्य वाटतं. हातोडी जपणाऱ्याने बाकीचंही जपलेलं असतं.

तांब्याची वायसरं मी लेथवर करून घेतो. रबरासाठी नमुना लागतो, आणि नमुना नेमका कचऱ्यात गेलेला असतो. म्हणून गिऱ्हाइकाला सांगतो, काढलेली प्रत्येक वस्तू, मोडकी असली तरी, डब्यात घालून गाडीसोबत आणा. फाटलेल्या रबरावरूनही माप घेता येतं.

सध्या माझ्याकडे सौंसरची एक लो टॉर्क उभी आहे. पंपाच्या जागी पत्र्याची पट्टी मारलेली होती. पंप दुसऱ्या गाडीचा मिळाला, शिमसकट. वायरचा तिसरा फाटा अजून मिळायचा आहे. तो येईपर्यंत चावी मालकाला देणार नाही, असं त्याला सांगून ठेवलं आहे.