चेहरा आणि पाहणाऱ्यांची नजर

चेहऱ्यावरील शस्त्रक्रिया म्हटली की आज सौंदर्याची हौस प्रथम आठवते. या विद्येचा इतिहास मात्र विटंबनेचा आणि युद्धाचा आहे, आणि त्याचे एक महत्त्वाचे पान पुण्याशी जोडलेले आहे. इंग्रजांच्या लष्करात बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा मराठा 1792 च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या ज्ञातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक घडविले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने 1794 मध्ये ही हकीकत छापली. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने 1814 मध्ये इंग्लंडात तशीच शस्त्रक्रिया केली.

पहिल्या महायुद्धात हजारो सैनिकांचे चेहरे छिन्नविच्छिन्न झाले. लंडनजवळच्या सिडकप येथे 1917 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालय उघडले आणि तेथे हॅरोल्ड गिलीज यांनी अपूर्व काम केले. परंतु त्या गावातील काही बाके निळ्या रंगाने रंगविलेली होती. त्यांवर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून दचकू नये, अशी ती नागरिकांना आगाऊ सूचना असे. हेतू वाईट नव्हता. तरीही त्या बाकावर बसणाऱ्याच्या मनाला काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

गिलीज यांचेच नातलग असलेले आर्चिबाल्ड मॅकइंडो दुसऱ्या महायुद्धात ईस्ट ग्रिनस्टेड या लहान गावी वैमानिकांवर उपचार करीत होते. पेटत्या विमानातून वाचलेल्या या तरुणांचे हात आणि चेहरे जळालेले असत. समुद्रात पडलेल्यांच्या जखमा अधिक चांगल्या भरतात, हे ध्यानी घेऊन मॅकइंडो यांनी मिठाच्या पाण्याच्या स्नानाचा उपचार रूढ केला. जळालेल्या कातडीला टणक करणारे टॅनिक आम्ल त्यांनी वर्ज्य मानले. एकेका रुग्णावर दहा-दहा, वीस-वीस शस्त्रक्रिया होत. इतका दीर्घ काळ माणूस केवळ रुग्ण म्हणून जगला तर मनाने खचतो, हे त्यांनी जाणले. म्हणून रुग्णांना रुग्णालयाच्या निळ्या कपड्यांऐवजी स्वतःचा गणवेश घालण्याची मुभा मिळाली. गावकऱ्यांना त्यांनी विनंती केली, की या मुलांना घरी बोलवा, त्यांच्याशी नेहमीसारखे बोला. गावाने ती मनापासून मानली. ‘टक लावून न पाहणारे गाव’ अशी त्याची ख्याती झाली.

रुग्णांनी 1941 मध्ये स्वतःचे मंडळ काढले आणि त्याला ‘गिनीपिग क्लब’ असे नाव दिले; कारण नव्या उपचारांचे प्रयोग त्यांच्यावरच होत होते. युद्धाअखेर त्याचे 649 सभासद होते. खजिनदार म्हणून पाय भाजलेल्या सभासदाची निवड झाली, म्हणजे पैसे घेऊन पळता येऊ नये! चिटणीसाची बोटे भाजलेली होती, म्हणजे इतिवृत्त लांबू नये. स्वतःच्या दुःखावर असे हसता येणे ही बरे झाल्याची खूणच होय.

दुकानाला आग लागून किंवा स्वयंपाकघरात भडका उडून चेहरा भाजल्याचे प्रसंग आपल्या घराण्यांतही घडतात. उपचारांच्या खर्चात घर हात आखडता घेत नाही. खरी परीक्षा नंतर असते. बरा होऊन आलेला मुलगा गल्ल्यावर बसेल, की त्याची जागा मागच्या गोदामात ठरेल? मुलगी लग्नकार्यात चारचौघांत वावरेल, की पाहुणे येताच तिला आतल्या खोलीत बसविले जाईल? माणसाला मायेपोटी झाकून ठेवले, तरी त्याच्या वाट्याला निळे बाकच येते. शल्यविशारद कातडी सांधतो. पुढचे काम घरच्यांचे असते. पाहुण्यांसमोर त्याला नेहमीप्रमाणे हाक मारावी, कामाची जबाबदारी द्यावी आणि बोलताना नजर चुकवू नये.