परत फिरणारी लाट

एक सुतळी आणि एक जाड दोरखंड टोकाला टोक बांधा. दोरखंडाचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला, सुतळी तुमच्या हातात. आता मनगटाला एक झटका द्या. लाट धावत गाठीपाशी जाते आणि, पाहा हं, तिचा बराचसा भाग तुमच्याकडेच परत येतो!

सदरमधल्या आमच्या गच्चीवर मला अशीच एक गाठ सोडवायची होती. मी प्राथमिक शाळेतला शिक्षक, पण हौस हॅम रेडिओची. परवाना काढायचा (त्यासाठी सरकारी परीक्षा असते, बरं का) आणि स्वतःच्या सेटवरून दूरच्या माणसांशी बोलायचं. ७.१ मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे ४२ मीटर. अँटेनाची तार तिच्या जवळजवळ निम्मी, म्हणजे २० मीटर. ती बांधताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय जी सर, एवढी लांब दोरी कपड्यांसाठी का?"

अशी तार मधोमध जोडली तर फारसं अडत नाही. पण आमच्या तारेचा मध्य येतो अंगणावर, अधांतरी! म्हणून केबल जोडायची टोकाला. तिथे व्होल्टेज खूप आणि प्रवाह अगदी थोडा. या दोहोंच्या प्रमाणाला इम्पीडन्स म्हणतात. केबलचा इम्पीडन्स ५० ओहम, तारेच्या टोकाचा साधारण २,४५०. गणित केलं तर १०० वॅटपैकी ९२ वॅट गाठीवरूनच परत फिरतात. नवे सेट तर धोका ओळखून स्वतःच शक्ती कमी करतात.

ही नुसती हौसेची गोष्ट नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवायला मदत केली होती. अशा ठिकाणी सेट बॅटरीवर चालवावा लागतो. तिथे ९२ वॅट वाया घालवून कसं चालेल?

उपाय तुमच्या पाढ्यात आहे. फेराइटच्या कडीवर वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेचे एका बाजूला २ वेढे, दुसऱ्या बाजूला १४. वेढे ७ पट, तर इम्पीडन्स ७ × ७ = ४९ पट! आणि ५० गुणिले ४९ किती? २,४५०. जमलं की!

तुमच्या कानातही अशीच सोय आहे. हवेतला आवाज आतल्या द्रवावर नुसता आदळला असता, तर बहुतेक परत फिरला असता. हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं आणि कानाचा पडदा मिळून त्याचा दाब वीसेक पट वाढवतात, म्हणून माझी हाक मागच्या बाकापर्यंत ऐकू येते. (ऐकत नाहीत ते निराळं!)

थोडी शक्ती कडी तापवण्यात जातेच, फुकट काही मिळत नाही. पण परत येणारी शक्ती दाखवणारा काटा आता शून्याजवळ असतो, आणि दुपारी पुण्याहून उत्तर येतं. कडी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहे, पाऊस लागू नये म्हणून. तार मात्र विजेच्या तारांपासून चांगली लांब बांधली आहे.