दुप्पट उजेडाची किंमत

"अहो, एवढ्या पैशांत आईंचं जाऊन-येऊन तिकीट येईल!" पापाटोएटोच्या स्वयंपाकघरात सौ.ने निकाल दिला.

मंडळी, माझीही बाजू ऐका. गणेशोत्सवात लेक कथक करते आणि हॉलमध्ये अंधार. ७०-२०० ची एफ/२.८ लेन्स एफ/४ च्या दुप्पट उजेड आत घेते. म्हणजे १/६० सेकंदाऐवजी १/१२५ मिळतो, गिरकीतला चेहरा कमी पुसट येतो. वजन दीड किलोच्या आसपास, पण लेकीला खांद्यावर मिरवलेल्या बापाला त्याचं काय!

आयटीवाला मी, एक्सेलमध्ये दोन रकाने आखले. लेन्सच्या रकान्यात पहिलं कारण लिहिलं: 'पुण्याला आईला चांगले फोटो पाठवता येतील.' आणि तिथेच थबकलो. आईने यंदा अठ्ठ्याहत्तरी ओलांडली.

तिकीट काढलं. लेन्स एका दिवसापुरती भाड्याने आणली. कार्यक्रमानंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर आईला एकेक फोटो कौतुकाने दाखवू लागलो. ती म्हणाली, "अरे, मी पहिल्या रांगेतच होते की!"

दुसऱ्या दिवशी लेन्स परत केली. रुखरुख लागली, खोटं कशाला बोलू? पण थोडीच.