ट्यूबची मागची बाजू

अर्धी उरलेली सिलिकॉनची ट्यूब तोंडाकडून वाळते, असं सगळेच धरून चालतात. म्हणून कुणी नोझलमध्ये खिळा खुपसतो, कुणी टेप गुंडाळतो. मी गनचा दाब सोडतो आणि बोटभर माल बाहेर लोंबू देतो. तोच वाळून बूच होतो, पुढच्या वेळी चिमटीत धरून ओढला की सगळा निघून येतो. तोंडाचं एवढंच.

छळते ती मागची बाजू. सिलिकॉन सेट होतं ते हवेतल्या दमटपणावर, आणि घोरावाडीत जूनपासून त्याला तोटा नाही. माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका. दमटपणा प्लास्टिकमधून, पिस्टनच्या कडेने आत शिरतो आणि तिथे रबरी कडं धरतं. मग गन दाबली की पिस्टन तिरका होतो आणि आंबूस वासाचा माल पुढे यायचा सोडून दांड्यावरून मागे येतो, थेट मनगटावर. दुहेरी पिशवी, घट्ट झाकणाचा डबा, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या, सगळं चालू आहे. आषाढात त्या पुड्याच पाणी पिऊन बसतात. तव्यावर भाजायला बायको तवा देत नाही. फ्रिजमधून काढलेल्या ट्यूबला बाहेर घाम सुटतो.

वडिलांना हा ताप नव्हता. खडूची पूड आणि अळशीचं तेल मळून केलेली लांबी ते पाण्याखाली बुडवून ठेवत. तेलाला हवा लागली की लांबी वाळते, पाणी हवा अडवतं. इथे पाणीच वैरी. ॲक्रिलिकचं पुन्हा वेगळं, त्यातलं पाणी उडालं की ते गेलं. त्याच्या नोझलला ओलं फडकं चालतं. दोन्हींना एकच उपाय करणाऱ्या फिटरशी मी वाद घालत नाही.

हिंजवडीकडचे टॉवरवाले 600 मिलीचे फॉइलचे पॅक वापरतात. फॉइलमधून दमटपणा शिरत नाही, पण एकदा कापलं की उरलेलं कचऱ्यात. शेजारच्या तळेगावात 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तो लोकांनी पैसा-पैसा देऊन. इथे राहून काचेच्या धंद्यात ही फेकाफेक मला बघवत नाही. असं मी सांगतो; खरं म्हणजे मला मिरवायचं असतं. होळीला उघडलेली ट्यूब आषाढात चालवताना शेजारी दुसरा फिटर उभा असला तर माझी रेघ जरा जास्तच सरळ येते. पावसाच्या तोंडावरच्या खिडकीला मात्र नवीनच ट्यूब. जुनी मोरीच्या कडेला.

यंदा उजव्या हाताची पकड गेली. जुनी ट्यूब दाबायला जोर लागतो. भाच्याने बॅटरीची गन आणली. पिस्टन अडकला तरी ती रेटत राहते, तळव्याला ते आधी कळतं, असं मी त्याला ऐकवतो. तो म्हणतो, “मामा, नवीन ट्यूब काढू ना.” त्याच्यासमोर मी उजव्या हातावर डावा ठेवून जुनी गनच दाबतो. तो चहाला गेला की त्याची घेतो.