पहिल्या रात्रीचं जेवण

शाळा उघडायच्या आठवड्यात पाचगणीच्या बाजारपेठेत गाड्यांची रांग लागायची. मुंबईच्या, पुण्याच्या, गुजरातच्या गाड्या. टपावर पत्र्याच्या ट्रंका, ट्रंकांवर पांढऱ्या रंगात मुलांची नावं. आबा एका बोर्डिंगच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. त्या रात्री उशिरा घरी आले की आईनं विचारायच्या आत सांगायचे, "पहिल्या रात्री नवी पोरं जेवत न्हाईत. ताट पुढ्यात घेऊन नुसती बसत्यात." दरवर्षी हेच.

आता मी लंडनच्या पश्चिमेला, स्लाऊत राहतो. लेक दहा वर्षांची आहे आणि तिच्या माध्यमिक शाळेचा निर्णय आम्हाला घ्यायचा आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन खुणा आहेत: सप्टेंबरातली ग्रामर स्कूलची परीक्षा आणि ३१ ऑक्टोबर, म्हणजे कौन्सिलकडे शाळांची नावं पसंतीक्रमानं द्यायचा शेवटचा दिवस. उत्तर १ मार्चला येतं. इथली मराठी माणसं भेटली की गणपतीच्या आरतीनंतरही विषय हाच.

ग्रामर स्कूल म्हणजे सरकारी, बिनफीची, पण परीक्षा घेऊन मुलं निवडणारी शाळा. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी मुलांची वाटणी करायची पद्धत देशभर रुजली. १९६५ पासून सरकारनं ती मोडायला घेतली. आज इंग्लंडमध्ये अशा १६३ शाळा उरल्यात आणि १९९८ च्या कायद्यानं नवी काढता येत नाही. त्यातल्या चार आमच्या छोट्याशा स्लाऊत आहेत. आमच्या वेळी चौथीची स्कॉलरशिप असायची, कुणी साताऱ्याच्या सैनिक स्कूलची परीक्षा द्यायचं. नापास झालं तर गुरुजी म्हणायचे, बघू पुढं. इथे मात्र पात्रतेच्या १११ गुणांच्या अलीकडे राहिलेलं दहा वर्षांचं पोर 'आपण हुशार नाही' एवढंच शिकून घरी येतं.

आम्हीही वर्षभर शिकवणी लावली होती. गणिताच्या शिकवणीहून शब्दकोड्यांच्या शिकवणीला नेताना लेक गाडीच्या मागच्या सीटवर डब्यातली पोळीभाजी खायची. एका नोव्हेंबरात, साडेचारलाच पडलेल्या अंधारात, आरशात पाहिलं तर डबा उघडा होता आणि ती नुसती बसली होती. पुढच्या आठवड्यापासून शिकवणी बंद केली. मित्रांनी मला वेड्यात काढलं. त्यांची काळजी खरी आहे. परक्या देशात मुलांच्या हाती देण्यासारखं आपल्याकडे शिक्षणाशिवाय दुसरं काय आहे? पण ग्रामर स्कूलमध्ये मोफत जेवण मिळणारी, म्हणजे गरीब घरची मुलं फार थोडी असतात. शिकवणीची फी ज्याला झेपते त्याचं मूल त्या परीक्षेला तयार होऊन बसतं. ही निवड बुद्धीची आहे हे मला पटत नाही.

दुसरी वाट कॅथलिक शाळेची. माझी बायको वसईची, सामवेदी कॅथलिक. घरी आईशी कादोडी बोलणारी, रविवारची मिस्सा न चुकवणारी. इथल्या चर्चमध्ये तिच्या शेजारी केरळच्या नर्सबाई, गोव्याचं कुटुंब आणि पोलंडहून आलेले सुतार बसतात. कॅथलिक शाळा सरकारी पैशावर चालतात, फी नसते. मात्र जागा कमी पडल्या की बाप्तिस्म्याचा दाखला असलेल्यांना आधी घेतात. आमच्याकडे तो दाखला आहे. सांगलीच्या एका मित्राचं घर त्या शाळेला आमच्यापेक्षा दोन गल्ल्या जवळ आहे, त्याच्याकडे नाही. तो म्हणाला, "तुमचं बरंय." त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, म्हणूनच मला झोप लागली नाही. करदाते आम्ही दोघंही. बायको म्हणाली, "दाखला म्हणजे तिकीट नाही. तिच्या कानावर प्रार्थना पडावी असं मला खरंच वाटतं." तेही खरंच आहे.

तिसरी वाट फीची. स्लाऊहून दोन-तीन मैलांवर ईटन आहे. सहाव्या हेन्रीनं १४४० साली ७० गरीब मुलांना फुकट शिकवायला काढलेली ती शाळा आज वर्षाला ६० हजार पौंडांच्या वर फी घेते आणि फक्त मुलग्यांची आहे. इतर खाजगी शाळांच्या फीवरही १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट लागतो. आमच्यासाठी ती चर्चा तिथेच संपते.

हे सगळं मला नवं नाही. पाचगणी शाळांवर उभं राहिलेलं गाव. १८९५ चं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट, १८९८ चं किमिन्स, सेंट पीटर्स, पारशांची बिलिमोरिया, १९२२ चं संजीवन. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत गेलो. कॉन्व्हेंटची घंटा वर्गात ऐकू यायची, पण आत जायचा विचारही मनात आला नाही. सेंट पीटर्समध्ये १९५५ साली झांजिबारहून आठ वर्षांचा फारुख बलसारा आला होता. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणू लागलं. त्याच्या कुटुंबाचं इंग्लंडमधलं पहिलं घर फेल्टममध्ये, आमच्यापासून जवळच. भिंतीवरची निळी पाटी पाहिली तेव्हा मला त्याचं गाणं आठवलं नाही. आई-बापापासून समुद्रापलीकडे, सिल्व्हर ओकांच्या गावात, त्यानं पहिल्या रात्री काय खाल्लं असेल, हेच मनात घोळत राहिलं.

आबा स्वतः साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात शिकले. भाऊराव पाटलांनी १९१९ साली ही संस्था काढली, ती सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवूनच. गरज हीच तिथली पात्रता. दाखला, गुण, फी यांतलं काहीही आधी मागायचं नाही, अशी शाळा आपल्या जिल्ह्यात होऊन गेली, हे मी इथल्या मित्रांना पुन्हा पुन्हा सांगतो.

शेवटी लेकीला परीक्षेला बसवायचं नाही असं ठरलं. फॉर्मवर पहिलं नाव कॅथलिक शाळेचं, दुसरं कोपऱ्यावरच्या, सगळ्यांना घेणाऱ्या शाळेचं. हा क्रम बायकोचा. मला उलटा हवा होता आणि अजूनही मन पुरतं मानत नाही. शाळा बघायला गेलो तेव्हा प्रयोगशाळेआधी मी जेवणाची खोली दाखवा म्हणालो. लांब टेबलं, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, तळलेल्या बटाट्यांचा वास.

रात्री आबांना व्हिडिओ कॉल केला. तिन्ही वाटा, दाखला, १११ गुण, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि लेकीलाच विचारलं, "शाळा सुटती कवा?"

"तीन वाजता, आजोबा."

"मग सांजच्याला घरीच जेवणार न्हवं?"

ती हो म्हणाली.